पाचगणीची हवा, मद्रासची खोली

आमच्या नानींचे थोरले भाऊ १९४४ साली टीबीने वारले. वय चोवीस. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या आजोळी त्या काळी या आजाराचे नाव कोणी मोठ्याने घेत नसे. ‘दिक’ म्हणत, तेही दार लोटून. नानींच्या वालिदांनी विहिरीखालची दोन एकर जमीन विकली आणि पसरणीचा घाट चढून मुलाला पाचगणीच्या एका सॅनेटोरियममध्ये नेऊन ठेवले. सात महिने तो तिथे राहिला. पैसे संपले तेव्हा खाली आणला, आणि पुढचा रमजान त्याने पाहिला नाही. नानी ही हकीकत सांगायच्या तेव्हा शेवटी एकच वाक्य यायचे, “उसकू हवा लगी नै.” मग थोडे थांबून, “और दो महिने रखते तो लगती.”

या दुसऱ्या वाक्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. नानींचे वालिद त्यानंतर पंधरा-सोळा वर्षे जगले. विकलेल्या शेताच्या बांधावरून जायचे ते टाळत, लांबच्या पाणंदीने जात, असे अम्मी सांगतात. जमीन गेल्याचे त्यांना दुःख नव्हते. आपण दोन महिने आधी हात टेकले, याचे होते.

हवा लागते किंवा लागत नाही, ही समजूत केवळ खेड्यातली नव्हती. ती युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांची होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत हेरमान ब्रेहमर यांनी डोंगरातले पहिले मोठे क्षयरुग्णालय काढले. पुढे अमेरिकेत ट्रुडो यांनी सॅरानाक सरोवराकाठी तसेच केले. ट्रुडोंना स्वतःला क्षय होता आणि डोंगरात राहून आपण सावरलो असा त्यांचा अनुभव होता. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, भरपूर दूध-अंडी हे तीन खांब ठरले. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगाला दाखवला, तरी उपचाराचे हे खांब हलले नाहीत. जंतू सापडला होता, त्याला मारणारे औषध सापडायचे होते.

आमचे दोन्ही जिल्हे या हवेच्या नकाशावर होते. पाचगणी तर इंग्रजांनी प्रकृतीसाठीच वसवलेली. जॉन चेसन यांनी लावलेली सिल्व्हर ओकची झाडे आजही दिसतात. तिथे १९१२ साली डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर सॅनेटोरियम उभे केले. इकडे मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केले होते, आणि पुढे सांगली-मिरज रस्त्यावरच्या माळावर क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झाले. त्या जागेला लोक आजही वानलेसवाडी म्हणतात. आम्ही नोकरीनिमित्त मिरजेत आलो तेव्हा हे नाव बसच्या पाटीवर रोज वाचत होतो. या माळाचा आपल्या घराशी लांबून संबंध आहे हे लक्षात यायला काही वर्षे गेली.

या संस्था चालवणाऱ्यांबद्दल आमच्या मनात आदरच आहे. ज्या रोग्याला घरचे लोक वेगळी थाळी, वेगळा तांब्या देत, त्याच्या उशाशी बसणारे हे लोक होते. त्यांनी निदान केले, थुंकी तपासली, कफ कसा टाकावा हे शिकवले, आणि रोगी घरातून हलल्यामुळे लहान मुले काही प्रमाणात वाचलीही असतील. आमचा प्रश्न एवढाच आहे की, हवेने टीबी बरा होतो हे त्यांना कसे कळले?

उत्तर सरळ वाटते. रोगी येत, काही महिने राहत, वजन वाढवून घरी जात, हे डॉक्टर डोळ्यांनी पाहत होते. पण नीट पाहिले तर या पाहण्यात छिद्रे आहेत. घाट चढून तिथवर कोण पोहोचत असे? ज्याच्याजवळ पैसा आहे तो, आणि ज्याच्यात प्रवास झेपेल एवढा जीव आहे तो. अनेक सॅनेटोरियमे सुरुवातीच्या अवस्थेतले रोगीच घेणे पसंत करीत. शिवाय टीबी हा असा आजार आहे की औषध न देताही काही माणसे त्यातून आपोआप बाहेर पडतात. आणि जो शेवटाला येई त्याला घरचे लोक आपल्या मातीत नेत. म्हणजे बरे झालेला रजिस्टरात राही आणि मेलेला गावच्या कब्रस्तानात. आमच्या नानींचे भाऊ कोणत्या रकान्यात लिहिले गेले असतील? बहुधा ‘वजन वाढून घरी गेला’ अशाच.

आणि पैसा कमी पडला म्हणून हवा लागली नाही असे म्हणावे, तर कमला नेहरूंना काय कमी होते? भोवालीचे पहाड झाले, मग युरोप झाला, आणि २८ फेब्रुवारी १९३६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला, जगातल्या उत्तमात उत्तम हवेत, त्यांचे निधन झाले.

आता थोडे मागे जाऊ. दरवर्षी विज्ञान दिनाला आमच्या उर्दू शाळेत मुले इब्ने सीना, जाबिर बिन हय्यान, अल-राझी यांचे तक्ते करून भिंतीवर लावतात. पगडी, दाढी, हातात चंबू. आम्हीही बरीच वर्षे या तक्त्यांपुढे उभे राहून अभिमानाची दोन वाक्ये बोलून खाली उतरत असू. एका वर्षी सातवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, दवा खरी आहे की खोटी हे यांना कसं समजायचं?” त्या दिवशी आम्हाला उत्तर आले नाही. बी.एड.ला आम्ही प्रश्न विचारायला शिकलो होतो, असा प्रश्न अंगावर आल्यावर काय करायचे ते कोणी शिकवले नव्हते. घरी जाऊन शोधत बसलो.

अबू बकर मुहम्मद बिन झकरिया अल-राझी हे नवव्या-दहाव्या शतकातले हकीम. रै आणि बगदाद इथल्या शिफाखान्यांचे प्रमुख. सरसाम, म्हणजे मेंदूच्या सुजेचा ताप, याच्यावर त्या काळी फस्द घेत. शीर उघडून रक्त काढायचे. ‘अल-हावी’ या त्यांच्या टिपणांच्या प्रचंड ग्रंथात एक नोंद आहे. लक्षणे दिसू लागलेल्या एका गटाचे रक्त त्यांनी काढले आणि दुसऱ्या गटाचे मुद्दाम काढले नाही, दोन्हींत काय होते ते पाहून मत बनवावे म्हणून. त्यांना फस्द गुणकारी वाटली. आज आपल्याला ठाऊक आहे की मेंदूच्या सुजेवर रक्त काढून उपयोग नाही. मग तुलना करूनही एवढा मोठा हकीम चुकला कसा?

याचे उत्तर आम्हाला शाळेच्या आवारात मिळाले. मुलांनी मेथीचे दोन वाफे केले. एकात शेणखत घालायचे, दुसऱ्यात नाही. खताच्या वाफ्यात मेथी दुप्पट आली, टाळ्या झाल्या. मग एका मुलीने दाखवले की खताचा वाफा नळाजवळ आहे आणि बिनखताचा भिंतीच्या सावलीत. असे का केले म्हणून विचारले तर मुले म्हणाली, “खत वाया जाऊ नये म्हणून चांगल्या जागेत घातलं.” त्यांनी लबाडी केली नव्हती, चांगल्या मनाने केले होते. हकीमही चांगल्या मनाने हेच करतो. ज्याच्यात रक्त काढण्याइतकी ताकद आहे त्याचे काढतो, जो आधीच कोमेजला आहे त्याला सोडतो. मग जो वाचतो तो फस्दमुळे वाचला की ताकदीमुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. राझींनी नेमके असेच केले असे आम्ही म्हणत नाही, पण त्यांच्या नोंदीत ही शंका फेडणारे काही नाही. त्यांनी दोन गट केले, हा त्यांचा मोठेपणा. कोणाला कुठल्या गटात घालायचे हे स्वतःच्या हाती ठेवले, ही उणीव.

इब्ने सीनांनी ‘अल-कानून’मध्ये औषध पारखण्याचे नियमच घातले आहेत. औषध शुद्ध असावे, साध्या आजारावर पाहावे, गुण पुन्हा पुन्हा यावा, आणि माणसाचे औषध माणसावरच पाहावे, सिंहावर किंवा घोड्यावर पाहून निकाल काढू नये. आमच्या तक्त्यांवर त्यांची पगडी असते, हे नियम नसतात. आता आम्ही ते लिहायला लावतो.

हात स्वतःकडून काढून नशिबाकडे द्यायला जगाला पुढची हजार वर्षे लागली, आणि ते मुख्यतः या टीबीमुळेच घडले. कॉख यांनीच १८९० मध्ये ट्युबरक्युलिन हे आपले क्षयावरचे औषध जाहीर केले. नाव एवढे मोठे की पुरावा मागायला कोणी थांबले नाही, बर्लिनकडे रोग्यांची रीघ लागली. औषध फसले. पुढे ते फक्त निदानाच्या कामी आले. मग सोन्याची पाळी आली. आपल्याकडे हकीम सोन्याचा कुश्ता देतात, वैद्य सुवर्णभस्म देतात. युरोपात १९२० नंतर सोन्याच्या क्षाराची इंजेक्शने निघाली आणि जोरात चालली. अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या एका सॅनेटोरियममध्ये ॲम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोवीस रोगी घेतले, सारख्या अवस्थेच्या बारा-बारांचे दोन गट केले, आणि सोने कोणत्या गटाला द्यायचे हे नाणे उडवून ठरवले. दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याचे इंजेक्शन. कोणाला काय मिळते हे रोग्यांना ठाऊक नव्हते. १९३१ साली निकाल छापला गेला. सोन्याने फायदा नाही, उलट अपायच.

नाणे उडवणे म्हणजे माणसाच्या जिवाशी जुगार, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. आम्हालाही वाटले होते. पण कोणता उपचार बरा हे जेव्हा खरोखर कोणालाच ठाऊक नसते, तेव्हा नाण्यापेक्षा इमानदार कोणी नाही. नाण्याला श्रीमंत-गरीब कळत नाही, कोमेजलेला चेहरा कळत नाही, ओळखीचा माणूस कळत नाही.

इंग्लंडमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. पहिल्या महायुद्धात वैमानिक असताना त्यांना टीबी झाला, दीर्घकाळ अंथरुणाला खिळले, डॉक्टर व्हायचे राहून गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध आले तेव्हा इंग्लंडकडे ते विकत घ्यायला डॉलर नव्हते, जेमतेम थोड्या रोग्यांना पुरेल एवढाच साठा होता. सर्वांना देणे शक्यच नव्हते. मग कोणाला द्यायचे ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरवू, असे हिल यांनी सुचवले. १०७ रोगी. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. एक्स-रे तपासणाऱ्या डॉक्टरांना कोणता फोटो कोणाचा हे सांगितलेले नव्हते. सहा महिन्यांत औषधवाल्यांत ४ गेले, विश्रांतीवाल्यांत १४. हा निकाल १९४८ साली छापला गेला.

आमची नजर त्या दुसऱ्या आकड्यावर खिळली. चांगले रुग्णालय, स्वच्छ अंथरूण, पूर्ण विश्रांती, आणि तरीही बावन्नातले चौदा अर्ध्या वर्षात गेले. ठळक सुधारणा दिसली ती शंभरात आठांना. विश्रांतीची खरी किंमत तोवर अशी कोणी मोजलीच नव्हती. औषध नसताना डोंगरातल्या हवेने नेमके काय होत होते, याचा असा न्याय्य हिशेब कोणी कधीच केला नाही, आणि आता तो होणेही नाही.

त्याच चाचणीने आणखी एक गोष्ट उघड केली. पाच वर्षांनी पाहिले तर औषधवाल्या ५५ पैकी ३२ जण आणि दुसऱ्या ५२ पैकी ३५ जण दगावले होते. जंतू एकट्या औषधाला सरावत होता. हे कळले म्हणूनच दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत निघाली. म्हणजे बरे वाटले म्हणून सहा महिन्यांवर थांबले असते तर फसगत झाली असती.

आता मद्रास. १९५६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून तिथे क्षयरोग औषधोपचार केंद्र काढले. प्रश्न साधा आणि आपल्यासारख्या देशाच्या गळ्याशी आलेला होता. भारतात टीबीचे रोगी लाखांनी, खाटा काही हजार. आता गोळ्या आहेत, तर त्या घरीच दिल्या तर? जाणकारांना हे धोक्याचे वाटत होते. कोंदट खोली, अर्धपोटी माणूस, शेजारी झोपलेली मुले. औषध लागू पडेल कसे? डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली १९३ गरीब रोगी घेतले आणि चिठ्ठीने त्यांचे दोन भाग केले. एक भाग वर्षभर सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या खोलीत. औषधे दोघांना तीच, आयसोनियाझिड आणि पास. घरच्या रोग्यांकडे कर्मचारी न सांगता जात, गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात जाते की नाही ते पाहत.

सॅनेटोरियममधल्यांना दूध, अंडी, विश्रांती, हवा सगळे मिळाले. घरच्यांनी निकृष्ट खाल्ले, गर्दीत झोपले, कित्येकजण बरे वाटताच कामाला लागले. वर्षाअखेरी रोग शांत झालेले सॅनेटोरियममध्ये शंभरात ९२, घरी ८६. हा फरक एवढा थोडा की तो निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. पुढे पाच वर्षे दोन्ही गटांवर नजर ठेवली, रोग उलटण्यात फरक दिसला नाही. आणि सर्वांना ज्याची भीती होती, ती घरातली मुलेमाणसे? रोगी घरी ठेवलेल्या कुटुंबांत टीबी अधिक पसरला नाही. औषध सुरू झाले की रोग्याची लागण करण्याची ताकद झपाट्याने ओसरते. जी लागण व्हायची ती बहुतेक निदानाआधीच होऊन गेलेली असते.

पहिला अहवाल १९५९ मध्ये आला आणि जगभरची सॅनेटोरियमे एकेक करून बंद पडू लागली किंवा दुसऱ्या कामाला लागली. १९६२ साली भारताने राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू केला तो घरच्या उपचाराच्या पायावरच. मद्रासच्या खोलीने श्रीमंत देशांनाही शिकवले, हे आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवे. असो.

आमच्या घरी या अहवालाचा फायदा असा झाला की १९६४ मध्ये नानींच्या धाकट्या बहिणीला, आमच्या छोट्या नानींना, तोच आजार झाला. वय बावीस, कडेवर एक मूल. या वेळी विकायला जमीनही उरली नव्हती. साताऱ्यातल्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे निघाला, इंजेक्शने झाली, आणि दीड वर्ष गोळ्या. पासचे डोस मुठीने घ्यावे लागत, पोट ढवळून निघे. “खाने से जादा दवाच खाई मैं,” असे त्या सांगतात. सदर बाजारातल्या एका खोलीत, चुलीच्या धुरात, हवेबिवेचा पत्ता नसताना त्या बऱ्या झाल्या. त्यांना पुढे आणखी तीन मुले झाली.

एकाच घरात एक भाऊ हवेच्या भरवशावर गेला आणि एक बहीण औषधाने राहिली. यावरूनच हवा खोटी आणि औषध खरे असे आम्ही म्हटले, तर मात्र मेथीच्या वाफ्याचीच चूक आम्ही पुन्हा करू. दोन माणसांवरून काही ठरत नाही. भाऊ कदाचित जास्त आजारी असेल. ठरले ते १०७ आणि १९३ माणसांवरून, आणि चिठ्ठीमुळे.

हे सगळे समजल्यावर आम्ही शहाणे झालो असे वाटण्याच्या दिवसांतच २०२१ चा एप्रिल आला. सांगलीतले आमचे फुफा कोरोनाने एका खासगी रुग्णालयात होते. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, प्लाझ्मा आणा. आम्ही रात्रभर फोन केले, व्हॉट्सॲपवर संदेश फिरवले, कोल्हापूरला गाडी पाठवली, फुफींच्या बांगड्या सराफाकडे गेल्या. प्लाझ्मा मिळाला, चढवला. चौथ्या दिवशी फुफा गेले. फुफी आजही म्हणतात, “एक दिन पहले मिल जाता तो...”

आता ऐका. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्येच देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर प्लाझ्माची चाचणी घेतली होती. चिठ्ठीने दोन गट. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ पैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले, न मिळालेल्या २२९ पैकी ४१. शंभरात १९ आणि १८. हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. आम्ही कोल्हापूरला गाडी पाठवली त्याच्या सहा महिने आधी. सरकारी मार्गदर्शनातून प्लाझ्मा वगळला गेला तो १७ मे २०२१ ला. आणि ज्या औषधाने ऑक्सिजनवरच्या रोग्यांचे प्राण खरोखर वाचतात असे इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत जून २०२० मध्येच दिसले होते, ते डेक्सामेथासोन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काही रुपयांना मिळत होते. फुफांना तेही मिळाले होते, आणि तरीही ते गेले. खरे औषधही प्रत्येकाला वाचवत नाही.

हे आकडे आम्ही फुफींना दाखवले तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारले, “म्हणजे एक दिवस आधी मिळाला असता तरी...?” आम्ही मान हलवली. त्या रडल्या, पण ते रडणे वेगळे होते. नानींच्या वालिदांना असे सांगायला कोणी नव्हते. पारखलेले औषध अपयशी ठरले तर औषध कुठवर पोहोचते ते कळते. न पारखलेले फसले की दोष घरच्यांवर येतो. उशीर केला, पैसा कमी पडला, परहेज मोडले. आमच्या मोहल्ल्यात शर्तिया इलाजाच्या पाट्या लावणारे याच दोषावर जगतात. त्यांचे औषध कधीच चुकत नाही, चुकतो तो रोगी.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ‘आमच्यावर प्रयोग करतात’ ही भीती आपल्या समाजात आहे आणि पोलिओच्या डोसाच्या वेळी तिचे काय झाले हे आपण पाहिले आहे. तरी ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंश झालेल्या गरीब काळ्या माणसांना नुसते पाहत ठेवले, पेनिसिलिन हाती आल्यावरही दिले नाही. त्यांना सांगितलेही नव्हते. म्हणून आज रोग्याची लेखी संमती लागते, नीतिसमिती लागते, आणि भारतात २००९ पासून प्रत्येक चाचणी सुरू होण्याआधी सरकारी नोंदवहीत टाकावी लागते. पण विचार केला तर टस्कीगीत अमानुषपणा होता तो ठाऊक असलेला इलाज लपवण्याचा. न पारखलेले औषध, न सांगता, न मोजता, पाटी लावून सर्वांना देणे हाही प्रयोगच आहे. फक्त त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

हवा, विश्रांती आणि आहार या तीन खांबांपैकी तिसऱ्याची गोष्ट राहिली. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबी रोग्यांच्या घरांची अशीच चिठ्ठी टाकली. रोग्याला शिधा दोन्हीकडे. एका गटात मात्र घरातल्या इतर माणसांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. दहा हजारांहून अधिक माणसे होती. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तिथे नव्याने टीबी होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले. २०२३ मध्ये हे छापून आले. म्हणजे सॅनेटोरियमवाल्यांचे दूध-अंडे अगदीच फुकट नव्हते, पण त्याची गरज घाटावरच्या एकट्या खाटेइतकीच, किंबहुना अधिक, खाली घरात राहिलेल्या ताटांना होती. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील सध्या टीबीच्या गोळ्या घेत आहेत. सरकारचे पोषणाचे पैसे पूर्वी महिना पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. ते रोग्याच्या नावाने येतात. घरात पाच माणसे आहेत.

मागच्या ईदला साताऱ्याला गेलो तेव्हा छोट्या नानींना मद्रासची ही सगळी हकीकत सांगितली. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येते, दोनदा सांगावे लागले. मोठ्या भावाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. तो गेला तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या. चिठ्ठीबद्दल मात्र पुन्हा विचारले.

“जिनकू घर में रखे, उनकू मालूम था? की मरेंगे की बचेंगे?”

“किसीकू मालूम नै था नानी. इसीलिए तो चिठ्ठी डाले.”

“कित्ते लोगां थे?”

“एकसौ तिरानवे.”

“नामां है उनके?”

अहवालात नावे नसतात, असे आम्ही सांगितले. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दुआसाठी हात उचलले.